स्वमग्न मुलाच्या घराला आधार कोणाचा?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत गरोदर स्त्रियांना पॅरासिटामॉल टाळायला सांगितले. या गोळीचा संबंध मुलांमधील ऑटिझमशी, म्हणजे स्वमग्नतेशी आहे, असा त्यांचा दावा होता. पॅरासिटामॉल म्हणजे आपल्याकडे घरोघरी डब्यात असणारी तापाची साधी गोळी. त्यामुळे ही बातमी वाचून ज्यांच्या घरी स्वमग्न मूल आहे अशा कितीतरी आयांनी मनातल्या मनात हिशेब मांडला असेल : पाचव्या महिन्यात ताप आला होता तेव्हा मी किती गोळ्या घेतल्या होत्या?

या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ढोबळ तुलनेत गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण किंचित जास्त दिसत होते. पण एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एका गरोदरपणात गोळी घेतलेली आणि दुसऱ्यात न घेतलेली, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे तो गोळीचा नव्हता. गोळी ज्यासाठी घेतली ते आजारपण, घरातली आनुवंशिकता अशा इतर गोष्टींचा असावा. उलट गरोदरपणात अंगावर काढलेला जास्त ताप बाळाला अपायकारक ठरू शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने, लागेल तेवढीच गोळी घ्यावी, हा जुना नियम आजही तसाच आहे.

मात्र ज्या घरातले मूल आता तीन वर्षांचे आहे, हाक मारल्यावर वळून पाहत नाही, गाड्या एका रांगेत लावत तासभर बसते, त्या घराचे प्रश्न ‘कशामुळे झाले’ इथे संपत नाहीत. उद्यापासून काय करायचे, कोणाकडे जायचे, पैसे कुठून आणायचे, शाळा घेईल का, आणि आमच्यानंतर याचे काय, हे त्यांचे प्रश्न. यांतल्या बऱ्याच प्रश्नांवर उत्तरे उपलब्ध आहेत. काही तर आपल्या शेजारच्या गोव्यात तपासून पाहिलेली आहेत. ती घरापर्यंत पोहोचत नाहीत आणि तोपर्यंत सगळा भार एका माणसावर, बहुतेक वेळा आईवर, पडतो. खरी चर्चा व्हायला हवी ती याची.

आईला दोष देण्याची जुनी खोड

स्वमग्नतेचे वैद्यकीय वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केले. त्यानंतरची दोन दशके पाश्चात्त्य मानसशास्त्रात एक कल्पना जोरात होती : आई मुलाशी थंडपणे वागते म्हणून मूल स्वतःत मिटून जाते. अशा आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ असे नावही पडले. ही कल्पना मोडून काढणारे पहिले महत्त्वाचे पुस्तक १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी लिहिले. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. पुढे १९७७ मध्ये ब्रिटनमधील जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा दिसला आणि मग तो पुरावा वाढतच गेला. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील, जन्माआधीपासून घडत आलेली वेगळी घडण आहे, असे आज मानले जाते.

तरी दोषाची जागा रिकामी राहिली नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीकडे बोट दाखवले. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि त्यांचा वैद्यकीय परवानाही रद्द झाला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही. आता गोळी आली. आपल्याकडे तर यादी आणखी लांब आहे : आई नोकरी करते, घरात माणसे नाहीत, हातात मोबाइल दिला, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही.

मोबाइलबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द सध्या फार ऐकू येतो. असे निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय वर्गीकरणात नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला तासन्तास पडद्यासमोर बसवले तर बोलणे आणि खेळणे मागे पडते, म्हणून पडदा कमी करणे केव्हाही चांगलेच. पण मोबाइल बंद केला म्हणजे स्वमग्नता जाईल असे समजून सहा महिने वाट पाहणे महागात पडते. मुलाचे शिकण्याचे सर्वांत सोपे महिने त्यात निघून जातात.

दोषाचा हाच खरा तोटा. आईची मान खाली जाते आणि मुलाला मदत उशिरा मिळते. लोक काय म्हणतील या धास्तीने तपासणी लांबते. त्यात घरातल्या वडीलधाऱ्यांचा दिलासा असतोच : “मुलगा आहे, उशिरा बोलेल. याचा बापही चौथ्या वर्षी बोलला.”

थांबायचे नाही ते कधी?

वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारल्यास मूल बहुतेक वेळा वळत नसेल. दीड वर्षाचे होऊनही हवी ती वस्तू किंवा आकाशातला पक्षी बोटाने दाखवत नसेल. दोन वर्षांचे होऊनही ‘पाणी दे’, ‘बाबा आला’ अशी दोन शब्दांची स्वतःची वाक्ये येत नसतील. किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द, हसणे, खेळणे मावळत चालले असेल, तर थांबू नये. यांतले एखादे लक्षण म्हणजे स्वमग्नता असे नव्हे. ते तपासणीचे कारण मात्र नक्की आहे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारायची २० प्रश्नांची चाळणी वापरली जाते. बालरोगतज्ज्ञ ती दवाखान्यातच करू शकतात.

पहिली तपासणी बहुधा कानांची असावी. मूल हाकेला ओ देत नाही याचे कारण कमी ऐकू येणे असेल, तर वाट वेगळी आहे. त्यानंतर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञ. रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये स्वमग्नता दिसत नाही. मुलाचे वागणे, खेळणे आणि संवाद नीट पाहून, पालकांशी बोलून निदान होते. म्हणून पाच मिनिटांत दिलेल्या निदानावर, किंवा पाच मिनिटांत दिलेल्या ‘काही नाही हो’ या शेऱ्यावर, दुसरे मत घ्यायला संकोच करू नये. आणि निदानाची वाट पाहत असतानाच बोलण्या-खेळण्याची मदत सुरू करता येते. कागद हातात येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

भारतात स्वमग्न मुलांचे प्रमाण किती? पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाचांत उत्तर गोवाही होते. त्यात साधारण शंभरात एक मूल स्वमग्न असल्याचे दिसले. म्हणजे मोठ्या गावातल्या प्रत्येक शाळेत अशी काही मुले असणारच. ती दिसत नसतील तर ती घरात आहेत, किंवा ‘मस्तीखोर’, ‘मंद’, ‘हट्टी’ अशा नावांखाली वर्गात मागे बसलेली आहेत.

गोव्यातला अभ्यास काय सांगतो

निदानानंतर पालकांना पहिला धक्का बसतो तो अंतराचा आणि खर्चाचा. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षक ही मंडळी प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत एकवटलेली. तालुक्याच्या गावातील कुटुंबाला आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर एसटीचे चार-पाच तास, एकाची बुडालेली रोजी आणि थकून रडवेले झालेले मूल, हा हिशेब महिन्या-दोन महिन्यांत मोडतो.

मग जिथे तज्ज्ञ नाहीत तिथे काय करायचे? गोव्यातील ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधक यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर याचे एक उत्तर तपासले. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २ ते ९ वर्षांची ६५ स्वमग्न मुले होती. निम्म्या कुटुंबांना नेहमीची सेवा, तर निम्म्यांना त्यासोबत सहा महिन्यांत १२ सत्रे मिळाली. सत्रे घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते.

पद्धत साधी होती. आई किंवा वडील मुलाशी खेळतात त्याचे थोडे चित्रण करायचे. मग कार्यकर्ती आणि पालक ते एकत्र पाहतात. मुलाने कुठे क्षणभर पाहिले, कुठे आवाज काढला, त्या वेळी पालकाने काय केले म्हणून ते घडले, हे त्यांतून शोधायचे आणि तेच रोजच्या खेळात वाढवायचे. मूल गाड्या रांगेत लावत असेल तर “हा कोणता रंग? सांग ना, सांग!” असा भडिमार करायचा नाही. समोर जमिनीवर बसायचे, एक गाडी आपल्या हातात धरायची, थांबायचे. मूल पाहील तेव्हा “गाडी” एवढेच म्हणून ती द्यायची. झोका मध्येच थांबवून मुलाकडे पाहायचे आणि त्याने अंग हलवून किंवा आवाज काढून मागितले की “अजून!” म्हणून पुन्हा झोका द्यायचा. आई भाकऱ्या थापत असेल तर पिठाचा छोटा गोळा त्याच्याही हातात. आपण कमी बोलायचे, जास्त थांबायचे आणि मुलाच्या मागे जायचे.

सहा महिन्यांनंतर या घरांतले पालक मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून संवाद अधिक सुरू करू लागली. अभ्यास लहान होता आणि एकत्र लक्ष देण्याच्या एका मापात उलटा परिणामही दिसला, हेही नोंदवायला हवे. स्वमग्नता ‘बरी झाली’ असा दावा संशोधकांनी केला नाही. पण तज्ज्ञ नसलेल्या गावातही कार्यकर्तीच्या मदतीने पालक मुलाच्या संवादात फरक घडवू शकतात, एवढे त्यातून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही विकासात अडचण असलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी असाच कार्यक्रम तयार केला आहे. त्यात ९ गटसत्रे आणि ३ गृहभेटी असतात आणि तोही तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित माणसांनी चालवावा अशी कल्पना आहे.

इथेच भाषेचीही एक गोष्ट सांगायला हवी. ‘मूल बोलत नाही ना, मग घरात फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला अनेक पालकांना मिळतो आणि आजी-आजोबांशी मुलाचा उरलासुरला संवादही तुटतो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे आणखी मागे पडते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. ज्या भाषेत आईला लाड करता येतात, रागावता येते, गाणे म्हणता येते, तीच तिने मुलाशी बोलावी.

‘पालकच थेरपिस्ट’ याची दुसरी बाजू

इथपर्यंत सगळे आशादायक आहे. पण यात एक धोका दडलेला आहे. पालकांना शिकवले की मुलाची प्रगती होते, हे खरे. त्यावरून व्यवस्थेने ‘मग पालकच करतील’ असा सोयीचा अर्थ काढू नये. व्यवहारात ‘पालक’ म्हणजे आई. सकाळी डबे, मग थेरपी, मग शाळेबाहेर थांबणे, दुपारी घरचा सराव, रात्री मूल झोपत नाही म्हणून जागरण. तिची नोकरी पहिल्या वर्षातच सुटते. खर्च वाढलेला असतो तेव्हाच घरातला एक पगार थांबतो. पूर्वी मूल ‘तिच्यामुळे’ असे झाले म्हणत. आता ते सुधारले नाही तर ‘तिने सराव कमी घेतला’ म्हणतील. दोषाचा पत्ता तोच राहतो.

म्हणून पालक-प्रशिक्षणाबरोबर पालकांच्या विश्रांतीची सोय असायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमात पालकांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी, हाही अभ्यासाचा भाग आहे, आणि तो उगाच नाही. थकलेल्या, झोप न झालेल्या माणसाला जमिनीवर बसून मुलाच्या नजरेची वाट पाहणे जमत नाही. उदासी, चिडचिड, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर आईनेही डॉक्टरांना भेटावे. मुलाच्या उपचाराचाच तो भाग आहे.

घराला करता येण्यासारखे बरेच असते. बाबांनी आठवड्यातली दोन सत्रे स्वतःकडे घ्यावीत, ‘मी पैसे आणतो’ एवढ्यावर थांबू नये. आजोबांना रोज त्याच वेळी त्याच वाटेने मुलाला फिरवून आणता येते. ठरलेली वेळ आणि ठरलेली वाट स्वमग्न मुलाला आवडतेच. आत्या, मावशी, काका यांनी ‘काही लागलं तर सांग’ असे म्हणण्याऐवजी ‘दर रविवारी दहा ते एक मी येतो’ असे सांगितले तर ती खरी मदत. भावंडांकडेही पाहायला हवे. “तू समजूतदार आहेस ना?” हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या बहिणीलाही आईचा अर्धा तास फक्त स्वतःसाठी हवा असतो. आणि स्वमग्न मुलानंतर घरात धाकटे बाळ आले असेल तर त्याच्या विकासावर पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवावे. अशा भावंडांमध्ये स्वमग्नतेची शक्यता साधारण पाचांत एक असल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे.

कागदावर काय आहे?

आपल्याकडे कायदे कमी नाहीत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची स्वतंत्र दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले आणि त्यांत स्वमग्नता आली. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण हे याच कायद्यातले. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के प्रवेशांसाठीही दिव्यांग मुले वंचित घटकात मोडतात. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि नियमित थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला.

या सगळ्याचे दार म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड. स्वमग्नतेचे मोजमाप सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनपट्टीवर होते. अनेक पालक ‘मुलावर शिक्का बसेल’ म्हणून दाखला काढत नाहीत. भावना समजण्यासारखी आहे. पण विमा, शाळेतल्या सवलती, परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक हे सगळे त्या कागदावर अवलंबून असते. दाखला कपाटात ठेवता येतो. गरजेच्या दिवशी तो नसेल तर मात्र हक्क मागता येत नाही.

साखळी तुटते ती कागद आणि घर यांच्यामध्ये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून झाली. त्यात फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. तपासायच्या आजारांच्या यादीत स्वमग्नताही आहे. पुढच्या मदतीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. रचना उत्तम आहे. पण जन्मजात हृदयदोष स्टेथोस्कोपने कळतो, तशी स्वमग्नता गजबजलेल्या अंगणवाडीत काही मिनिटांत कळत नाही. ती आधी कळते आईला, आणि तिच्यानंतर रोज मुलाला पाहणाऱ्या अंगणवाडी सेविकेला. त्या दोघींचे ऐकून घेणारे माणूस आणि एका जिल्ह्याला पुरतील इतके थेरपिस्ट, या दोन कड्या घट्ट झाल्याशिवाय ही साखळी ओढ घेणार नाही.

शाळेचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० आणि त्यापुढे १५ विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना ही पदे मंजूर करून जाहीर करा, असे पुन्हा बजावावे लागले. मधल्या चार वर्षांत बालवाडीतले मूल दुसरी-तिसरीत गेले. विशेष शिक्षक नसलेल्या शाळेत ‘समावेशक शिक्षण’ म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलाला कोपऱ्यात बसवणे आणि आईला पायरीवर बसवणे.

आशेचा बाजार

जिथे आधार नसतो तिथे बाजार येतो. ‘मूळ पेशींनी स्वमग्नता बरी’ अशी जाहिरात करून लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी मूळ पेशी उपचाराची शिफारस करता येत नाही आणि तसा प्रचार-उपचार करणे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे स्पष्ट केले. शरीरातले जड धातू काढण्याचे उपचार, विशिष्ट दाबाच्या प्राणवायूच्या खोल्या, मुलाला अर्धपोटी ठेवणारी पथ्ये यांच्याबाबतही भक्कम पुरावा नाही आणि काहींत जिवाला धोका आहे.

पालकांना दोष देऊन उपयोग नाही. घर विकून उपचार करणारे आई-बाप भोळे नसतात, एकटे पडलेले असतात. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. ‘बरे होईल’ अशी हमी दिली जाते का? (देत असतील तर उठून यावे.) एकदम वर्षाचे पैसे मागतात का? सत्र चालू असताना पालकांना आत बसू देतात का? आणि उपचार करणाऱ्याची नोंदणी कुठे आहे? विशेष शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेत असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे.

पालकांनी उभे केलेले

स्वमग्नतेच्या क्षेत्रात जे चांगले उभे राहिले त्यातले बरेचसे पालकांनी उभे केले. ब्रिटनमधील राष्ट्रीय संस्था १९६२ मध्ये पालकांनी स्थापन केली. त्यांतल्या लॉर्ना विंग स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि त्यांची मुलगी स्वमग्न होती. स्वमग्नतेकडे एक विस्तृत पट्टा म्हणून पाहायला त्यांनीच शिकवले. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केले. त्याही एका स्वमग्न मुलाची आई. मुंबईत ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा पालकांचाच गट. मुंबईचे ‘उम्मीद’ हे केंद्र विकासात्मक बालरोगतज्ज्ञ विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केले आणि तिथेही कुटुंबाला मध्यभागी ठेवून काम चालते.

गटात नेमके काय मिळते? कोणत्या शाळेने खरोखर प्रवेश दिला, दाखल्यासाठी कोणत्या वारी जायचे, केस कापताना आरडाओरडा करणाऱ्या मुलाला शांत ठेवणारा न्हावी कुठला, लग्नकार्यात लाउडस्पीकर लागल्यावर मुलाला कुठे न्यायचे, ही माहिती कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर नसते. त्याहून मोठे म्हणजे, मूल दुकानात जमिनीवर लोळले तरी कोणी ‘वळण लावा’ म्हणणार नाही, अशी माणसे भेटतात. तालुक्यात असा गट नसेल तर चार-पाच कुटुंबेही पुरतात. महिन्यातून एकदा, अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या मोकळ्या खोलीत. वयाने मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींचे अनुभवही तिथे ऐकावेत. लहानपणी आपल्याला काय सहन होत नव्हते आणि कशाने बरे वाटायचे, हे त्या सांगू शकतात.

‘आमच्यानंतर काय?’

हा प्रश्न मराठी रंगभूमीवर जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने कधीच मांडला. वेगळे मूल मोठे होत जाते आणि आई-बाप थकत जातात, तेव्हा घराचे काय होते, हा त्या नाटकाचा गाभा. आज काही वाटा आहेत, पण त्या वेळेत धराव्या लागतात. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने पालकांचे नैसर्गिक पालकत्व संपते. त्यापुढे आधाराची गरज असेल तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावरील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. बँक, मालमत्ता, उपचारांची संमती यांसाठी तो लागतो. मृत्युपत्र, विश्वस्त निधी यांचा विचार पन्नाशीत करावा, सत्तरीत नाही. न्यासाच्या योजनांत पालकांना थोडी उसंत मिळावी यासाठी ‘समर्थ’ आणि प्रौढांच्या निवासासाठी ‘घरौंदा’ आहेत. मात्र त्या चालवणारी केंद्रे गरजेच्या मानाने फार थोडी आहेत.

इथे मागणी कोणाकडे करायची, हेही ठरलेले हवे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. पुष्कळदा तो वस्तुवाटपात किंवा फुटकळ अनुदानात संपतो. त्याच पैशांतून तालुक्याला एक दिवसपालन केंद्र चालू शकते. तिथे आठवड्यातले तीन दिवस मूल सुरक्षित राहील, दोन प्रशिक्षित कार्यकर्त्या असतील आणि महिन्यातून दोनदा जिल्ह्याचे थेरपिस्ट येतील. ग्रामसभेत, प्रभाग समितीत हा हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. तो मागायला फक्त स्वमग्न मुलाच्या आईनेच का उभे राहावे? शेजाऱ्यानेही विचारावे.

दरवर्षी २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन असतो. इमारतींवर निळे दिवे लागतात, भाषणे होतात. त्या दिवशी आपापल्या जिल्ह्यात एवढेच विचारून पाहावे : शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आज वाचाउपचारतज्ज्ञ आहे का, शाळांत विशेष शिक्षकांची किती पदे भरली, आणि आईला दुपारी दोन तास झोप मिळेल अशी एक तरी जागा तालुक्यात आहे का?